गणपतीत एचआयव्हीवर पथनाट्य बसवतोय, मित्राला शेवटी बोलू द्यावं का?

जोंधळा | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सांगली जिल्ह्यातल्या (गावाचे नाव काढले आहे – संपादक) इथली. आमचं तरुण मंडळ आहे. अकरा पोरं आणि आम्ही चार पोरी. पोरींना मंडळात घ्यायला तीन वर्षं भांडावं लागलं, त्यावर वेगळा धागा काढीन. गणपतीत सहाव्या दिवशी पारापाशी आमचं पथनाट्य असतं. मागल्या वर्षी दारूबंदीवर केलं होतं, बघायला निम्मे लोक पिऊन आले होते. या वर्षी एचआयव्ही घेतलाय.

कारण सांगते. गेल्या माघात आमच्या आळीतले एक काका वारले. पूर्वी गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) कामाला तिकडं उत्तरेत होते, आजारी होऊन परत आले ते घरातच. घरचे टीबी म्हणायचे. गाव काय म्हणायचं ते लिहीत नाही. मिरजेला औषधाच्या रांगेत कुणी ओळखीचं दिसेल म्हणून ते कोल्हापूरला जायचे. गाडीभाड्याला पैसे नसले की महिना चुकायचा. असं चुकत चुकत गेले. खांदा द्यायला भावकीतले चौघे निघाले नाहीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यावं लागलं. दहाव्याला त्या घरात कुणी चहासुद्धा घेतला नाही.

त्यांचा मुलगा आमच्याच मंडळात आहे. एकोणीस वर्षांचा. ढोलकी अशी वाजवतो की आजूबाजूच्या गावची मंडळं आधी त्याची तारीख विचारतात. वडील गेल्यावर महिन्याभराने त्याने आम्हा तिघाचौघांना स्वतःच सांगितलं. जन्मापासून आहे, आठव्या वर्षापासून गोळ्या चालू आहेत. आम्ही त्याच्या ताटात जेवलोय, एका बाटलीने पाणी प्यालोय. त्याने काही होत नाही हे कॉलेजात शिकूनसुद्धा घरी आल्यावर मी आधी गूगल केलं, हेही कबूल करते.

आता तो म्हणतो, नाटक संपलं की मी पुढे येणार, नाव घेऊन बोलणार, बघू कोण काय करतंय. त्याची आई म्हणते, "माझ्या मयतीला तरी चार माणसं येऊ द्यात." मंडळाचे अध्यक्ष म्हणतात तो बोलला तर नाटक जिल्ह्यात गाजेल.

बोलू द्यावं का? आणि मुळात पथनाट्याने काही फरक पडतो का?

कडबाकुट्टी | सोमवार, रात्री ११:०५

ट्रॉलीचं वाचून घास अडकला. बोलू दे की पोराला! एकदा सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं की कुजबुज संपते. किती दिवस लपून राहायचं? आईचं काय, आया घाबरतातच.

पारावरचा | सोमवार, रात्री ११:१७

दारूबंदीच्या नाटकाला निम्मे पिऊन आले म्हणताय, तर या वेळी निम्मे निरोध घेऊन आले तर प्रयोग यशस्वी समजा.

विनोद बाजूला, विषय घेतलात त्याबद्दल अभिनंदन. आमच्या मंडळाचा विषय गेली सात वर्षं 'डॉल्बीचा खर्च' हाच आहे.

फिर्यादी_पक्ष | सोमवार, रात्री ११:३०

ताई, आधी गावाचं नाव काढा. गाव, काकांचा धंदा, ढोलकी, वय. एवढ्यावरून तुमच्या तालुक्यातला कुणीही पाच मिनिटांत घर शोधून काढेल. हेतू चांगला आहे, पण उघड करायचं नाही तेच इथं उघड झालंय. संपादकांना निरोप टाकलाय.

संपादक | सोमवार, रात्री ११:५२

गावाचे नाव काढले आहे. बाकी तपशील बदलायचे असल्यास धागाकर्तीने कळवावे.

जोंधळा | मंगळवार, सकाळी ६:२०

अगंबाई. माझ्या लक्षातच आलं नाही. त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला राहू दे, आमच्या गावात हे संकेतस्थळ कोण वाचतंय. तरी काकांबद्दलच्या आणि त्याच्याबद्दलच्या दोन गोष्टी बदलून संपादकांना पाठवल्या आहेत. त्या कुठल्या ते विचारू नका.

रात्री_नऊची_गोळी | मंगळवार, सकाळी ८:४८

फक्त या धाग्यासाठी सदस्यत्व घेतलं.

मी सव्वीस वर्षांचा. तुमच्या मित्रासारखाच, जन्मापासून. आईवडील दोघंही मी सहा वर्षांचा व्हायच्या आत गेले. चुलत्यांनी वर्षभर सांभाळलं, माझं ताट-तांब्या गोठ्यात ठेवलेला असायचा. मग एका संस्थेत वाढलो. आता पुण्यात एका दुकानात हिशेब बघतो.

सतरा वर्षांचा असताना १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनाला, एका कॉलेजात बोललो. पाचशे पोरं होती. सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात. प्राचार्यांनी शाल दिली. मला वाटलं जिंकलो. त्यांच्यातल्या कुणीतरी फोटो फेसबुकवर टाकला, खाली माझं पूर्ण नाव आणि एड्सची लाल फीत. अठरा झाल्यावर संस्थेतून बाहेर पडावं लागतं. मी खोली घेतली, दोन महिन्यांनी मालकाच्या भाच्याला तो फोटो सापडला. मालक वाईट माणूस नव्हता. "बाळा, मला काही नाही, पण वरच्या मजल्यावर लहान मूल आहे" म्हणाला. तीन खोल्या बदलल्या. फोटो अजून आहे, काढा म्हणून चार वेळा लिहिलं.

शाल देणारे लोक त्या दिवशी खरोखर हेलावले होते, खोटं नाही. पण त्या पाचशेंपैकी कुणाला माझ्या शेजारी राहायचं नव्हतं. तुमच्या मित्राला त्याच गावात राहायचंय, त्याच दुकानातून साखर आणायची आहे, आणि त्याच्या आईलाही. तो बोलला की तीही बोलली असा अर्थ होतो. तिला विचारलंय का कुणी, की नुसतं समजावलंय?

अध्यक्षांना सांगा, गाजवायला दुसरं काहीतरी शोधा.

कडबाकुट्टी | मंगळवार, सकाळी ९:१०

रात्री_नऊची_गोळी, माफ करा. मी फार सहज लिहून गेलो काल.

फिर्यादी_पक्ष | मंगळवार, दुपारी १२:०३

कायद्याचं सांगतो, कारण हे फार कमी जणांना ठाऊक असतं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, कशातही भेदभाव करता येत नाही. कलम ८ प्रमाणे दुसऱ्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. चाचणीलाही संमती लागते. राज्यात लोकपालाकडे तक्रारीची सोय आहे. तो एकोणीसचा आहे, स्वतःचं सांगायचा त्याला पूर्ण हक्क. आईचं सांगायचा नाही, आणि इथं दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत.

यातली मला सर्वात आवडणारी तरतूद: आईबाप आजारी किंवा गेलेले असतील तर बारा वर्षांपुढचं समजदार भावंड अठराखालच्या भावंडाचा पालक होऊ शकतं. शाळाप्रवेश, दवाखाना, बँक खातं यासाठी. हे कलम लिहिणाऱ्याने तशी घरं नक्की बघितली असणार.

आणि हे सगळं २०१७ च्या आधीपासून आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच एका रोजंदारी कामगाराच्या बाजूने निकाल दिला होता, की अंगात काम करायची ताकद आहे तर निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढता येणार नाही. त्या माणसाचं नाव निकालात नाही, नुसती अक्षरं आहेत. नाव न सांगताही लढता येतं.

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी ३:४०

सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून लिहितो. लोकांच्या भीतीला काहीच अर्थ नाही का? आम्ही नव्वदचं दशक पाहिलंय. आमच्या तालुक्यात ट्रकवर जाणारी धडधाकट पोरं वर्षा-दोन वर्षांत काटकुळी होऊन गेली. तेव्हा कुणी कायदे वाचून घाबरलं नव्हतं, डोळ्यांनी बघून घाबरलं होतं. शिवाय पन्नासातले चाळीस स्वतःच्या कर्माने आजार आणतात, हेही बोलायचं नाही म्हणे.

आंबटचिंच | मंगळवार, दुपारी ४:०२

काका, तो पोरगा जन्मला तेव्हा कुठलं कर्म करून आला होता?

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी ४:११

मुलाबद्दल बोललो नाही मी.

आंबटचिंच | मंगळवार, दुपारी ४:१३

गाव बोलतं ना पण. आणि त्याची आई? बायकोला नवऱ्याकडून येतं, मग नवरा मेला की सासू म्हणते हिनेच खाल्ला. 'कर्म' हा शब्द फार सोयीचा आहे.

नाडीपरीक्षा | मंगळवार, रात्री ९:२५

मी डॉक्टर आहे, ३० वर्षं झाली. जुनाजाणता यांच्यावर एकदम तुटून पडू नका. त्यांनी जे पाहिलं ते खरंच होतं, आणि त्या भीतीत आमच्या व्यवसायाचाही हात आहे. नव्वदीत आरोग्य खात्याच्या भिंतींवर कवट्या रंगवल्या होत्या. 'एड्स म्हणजे मृत्यू.' लोक घाबरून सुधारतील अशी समजूत. लोक घाबरले, सुधारणा बाजूलाच राहिली. घाबरलेला माणूस चाचणीला येत नाही.

गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागल्या १ एप्रिल २००४ पासून. त्या वेळच्या गोळ्यांत स्टॅव्हुडिन नावाचं औषध असायचं. जीव वाचायचा, पण चेहऱ्यावरची चरबी जायची, गाल आत बसायचे. म्हणजे औषध घेणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू यायचा! त्याच्यामुळे गोळ्या टाकून दिलेले पेशंट मी पाहिलेत. शिवाय सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी, ठरावीक आकड्याखाली उतरल्याशिवाय उपचार सुरू करायचे नाहीत, म्हणजे माणूस खंगेपर्यंत थांबायचं. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार. आता दिवसाला एक गोळी, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि नियमित घेणारा माणूस सामान्य आयुष्य जगतो.

नाटकात हे एक वाक्य मात्र नक्की घाला: नीट औषध घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. मी मनाचं सांगत नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला, त्यात एक जोडीदार पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. लवकर उपचार घेतलेल्यांत लागण ९६ टक्क्यांनी घटलेली २०११ मध्ये दिसली. त्यातली काही जोडपी आपल्या पुण्यातली होती. नंतर युरोपातल्या अभ्यासांत, विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. एकाच बाटलीच्या पाण्याचं तर सोडूनच द्या.

रात्री_नऊची_गोळी | मंगळवार, रात्री ९:५०

डॉक्टर, इफाव्हिरेन्झचं राहिलं. ती गोळी होती तेव्हा रात्री अशी स्वप्नं पडायची की सकाळी वसतिगृहात आम्ही एकमेकांना सांगायचो. तिकीट न काढता सिनेमा. गोळी बदलली आणि करमणूक गेली.

पारावरचा | मंगळवार, रात्री १०:१५

मुंबईत राहिलेल्यांना 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' आठवतंय का? २००२ चं असेल. एड्सजागृतीची जाहिरात, आख्ख्या मुंबईभर फलक. मी तेव्हा लोअर परळला कामाला, लोकलमध्ये पैजा लागायच्या होगा की नहीं होगा. माझ्या आतेभावाचं नाव बलबीर नव्हतं हे त्याचं नशीब, पण आडनावावरून त्याला पाशा म्हणायचे. सहा महिने घराबाहेर पडायला लाजत होता.

आंबटचिंच | मंगळवार, रात्री १०:३१

त्या जाहिरातीवर तेव्हा टीकाही झाली होती. सगळा दोष त्या धंद्यातल्या बायकांच्या माथी मारते म्हणून. आणि सांगलीचा विषय आहे तर हे सांगायलाच हवं: ज्या बायकांकडे बोट दाखवायचे, त्यांनीच सांगलीच्या गोकुळनगरात गल्लोगल्ली फिरून निरोध वाटले, एकमेकींना शिकवलं. मीना शेषू यांची संग्राम ही संस्था १९९२ ची, त्यातून बायकांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. बाहेरून कुणी येऊन पथनाट्य केलं म्हणून ते झालं नाही.

तिठ्यावरचो | बुधवार, सकाळी ७:३५

गोव्यातून लिहितो. आमच्याकडचा डॉमिनिक डिसोझा कुणाला आठवतो का? पर्रा गावचा. नियमित रक्तदान करायचा, त्यातूनच कळलं. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी बोलावून नेलं आणि एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात कोंडला. गुन्हा काही नाही, कायद्यात तशी तरतूदच केलेली. ६४ दिवस. आईने उच्च न्यायालयात अर्ज केला, गावातले लोक रस्त्यावर आले. तो सुटला, पण ती तरतूद मात्र कोर्टाने योग्यच ठरवली. मग त्याने स्वतःच 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये गेला. तिशीच्या आसपासचा पोरगा.

माझी आई तेव्हा म्हापशाला होती. ती सांगते, रक्तदान शिबिरांना पुढे कितीतरी वर्षं लोक येईनात. रक्त दिलं तर पोलीस नेतात असा समज.

त्याच गोव्यात २००६ मध्ये आणि नंतर २०१९ मध्ये लग्नाआधी चाचणी सक्तीची करायची टूम निघालीच होती.

कडबाकुट्टी | बुधवार, सकाळी ८:२०

त्यात वाईट काय? पत्रिका बघतो त्यापेक्षा रिपोर्ट बघितलेला बरा.

नाडीपरीक्षा | बुधवार, सकाळी ८:४४

स्वतःहून केली तर उत्तमच. सक्ती केली की खोटे रिपोर्ट मिळायला लागतात. शिवाय नुकती लागण झालेली असेल तर काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आणि लग्नानंतरचं काय? ती चाचणी कुठली सासू मागणार?

विहीरबागायत | बुधवार, सकाळी ९:०९

धाग्याचं काश्मीर व्हायला लागलंय. पोरीने विचारलंय काय!

एसटीचा_डबा | बुधवार, दुपारी १:१५

माझंही थोडं अवांतर. एसटीत एचआयव्ही बाधितांना प्रवास फुकट आहे, साध्या आणि निमआराम गाडीत. योजना चांगली. पण वाहकाला कागद दाखवावा लागतो. आमच्या आगारातल्या गाडीत सगळे एकमेकांना ओळखणारे. माझी मावशी कागद पिशवीत ठेवून दर महिन्याला पूर्ण तिकीट काढून जायची. महिलांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तिच्याएवढा आनंद कुणाला झाला नसेल. कुणाला काही दाखवायचं नाही, बाई आहे एवढंच पुरे.

रात्री_नऊची_गोळी | बुधवार, दुपारी १:४०

हे अवांतर नाही. सगळा धागा हाच आहे.

समुपदेशक_ताई | बुधवार, सायंकाळी ६:३०

मी एका ग्रामीण रुग्णालयात चाचणी केंद्रावर समुपदेशक आहे. पथनाट्यं दर डिसेंबरात बघते, रेड रिबन क्लबची (कॉलेजातल्या एचआयव्ही जागृती गटांची) पोरं छान करतात. पण जवळजवळ प्रत्येक नाटकात तेच: बाहेरगावी गेलेला तरुण, वाईट संगत, दारू, मग खोकत खोकत मरतो आणि आई हंबरडा फोडते. बघणारा रडतो आणि घरी जाताना ठरवतो, असल्या माणसापासून लांब राहायचं. नाटकाने जे घालवायचं तेच घट्ट करून जातो आपण.

जोंधळा, तुमच्या नाटकात कुणी मरतं का?

दुसरं. मंडळं हौसेने मंडपातच चाचणी शिबिर लावायचं म्हणतात. जपून. शिबिरात पहिली चाचणी संशयास्पद आली तर खात्रीसाठी केंद्रावर परत बोलवावं लागतं. मंडपात बसलेल्यांना बरोबर कळतं कुणाला परत बोलावलं. लोकांना केंद्रावर पाठवा, मोफत आहे, गुप्त आहे. १०९७ हा फोन नंबर पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहा, तोही फुकट. आणि गरोदर बायकांबद्दल बोला: उपचार न घेतले तर शंभरात १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, घेतले तर पाचाच्या खाली. तुमच्या मित्राच्या पिढीला हे वेळेवर मिळालं नाही, पुढच्यांना मिळू शकतं.

जोंधळा | बुधवार, रात्री ८:०५

मरतो. अध्यक्षच मरतात. फार छान मरतात, मागल्या वर्षी दारूने मेले होते तेव्हा बायका खरंच रडल्या होत्या.

आता काय करू?

जोबर्गकर | बुधवार, रात्री ११:४८

जोहान्सबर्गमध्ये नऊ वर्षं झाली, मूळ सोलापूरचा. इथली एक गोष्ट सांगतो, तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल बसते.

डर्बनजवळ क्वामाशू नावाची वस्ती आहे. १९९८ च्या डिसेंबरात गुगू ड्लामिनी या बाईने जागतिक एड्स दिनाच्या सुमारास जाहीरपणे सांगितलं, मी पॉझिटिव्ह आहे. काही दिवसांत वस्तीतल्याच लोकांनी तिला मारहाण करून ठार केलं. म्हणे वस्तीचं नाव घालवलं.

त्याच महिन्यात इथे ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही चळवळ सुरू झाली, औषधं मिळावीत म्हणून. त्यांनी एक साधी गोष्ट केली. टी-शर्ट छापले, छातीवर भल्यामोठ्या अक्षरात 'एचआयव्ही पॉझिटिव्ह', आणि ते सगळ्यांनी घातले. ज्यांना होता त्यांनी, ज्यांना नव्हता त्यांनीही. हजारोंच्या मोर्च्यात कोण खरा, कोण नाही, ओळखायचं कसं? मारायचं कुणाला? मंडेला यांनीही तो शर्ट घातला होता.

एका पोराने पुढे येऊन बोलण्यापेक्षा पंधराच्या पंधरा जणांनी 'मी पॉझिटिव्ह आहे' म्हटलं तर?

आंबटचिंच | गुरुवार, सकाळी ६:५५

अंगावर काटा आला. +१

पारावरचा | गुरुवार, सकाळी ७:१२

वाचनखूण साठवली.

रात्री_नऊची_गोळी | गुरुवार, सकाळी ८:३०

जोबर्गकर, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं टाळ्या वाजवणाऱ्यांनी फारतर टाळ्या वाजवाव्यात.

जोंधळा | शनिवार, रात्री ११:२०

दोन दिवस आले नाही, कारण घरी महाभारत झालं.

गुरुवारी तालमीला पंधरा जणांची कल्पना मांडली. पोरं एकदम तयार. नाटकाच्या शेवटी ओळीने उभं राहायचं, एकेकाने पुढे येऊन 'मी पॉझिटिव्ह आहे' आणि मग स्वतःचं काहीतरी खरं सांगायचं. मी बारावीला नापास झालो होतो. मला पोहता येत नाही. माझ्या हाताला चव आहे. पुढचं सगळं खरं असल्यावर पहिलं वाक्य खरं की खोटं हे लोकांनी घरी जाऊन उगाळत बसावं.

मग आम्ही चौघी घरी सांगायला गेलो. एकीच्या वडिलांनी तिचं मंडळात येणंच बंद केलं. दुसरी म्हणाली माझी सोयरीक चालू आहे, मला माफ करा. माझी आई पीठ मळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या तुझं स्थळ बघायला आले आणि कुणी सांगितलं की हीच ती, पारावर उभी राहून म्हणत होती, मग? नाटक होतं म्हणून मी घरोघर सांगत फिरू?" मी म्हटलं अगं खोटं आहे ते. तर म्हणाली, "खोट्याला एवढं, मग खऱ्याला किती."

मी उलट बोलूच शकले नाही. गेला महिनाभर त्याच्या आईला समजावायला जात होतो आम्ही, चौघे चौघे, वही घेऊन. एका वाक्यासाठी माझ्या घरात जेवण झालं नाही दोन वेळा, आणि मला तर आजारही नाही.

काल त्याच्या आईकडे एकटीच गेले. माफी मागायची होती, पण मागता आली नाही. त्यांनी चहा ठेवला. मी प्याले. तेवढंच.

समुपदेशक_ताई | रविवार, सकाळी ७:००

जोंधळा, तुम्ही ती ओळ म्हटली नाहीत तरी चालेल. कुणावरही सक्ती नको, मित्रांवरही नको. तुमच्याकडे आता खरंखुरं नाटक आहे: तुमच्या स्वयंपाकघरातलं. ते लिहा.

जुनाजाणता | रविवार, सकाळी १०:२०

एक विचारायचं होतं. नाडीपरीक्षा यांना. खांदा देताना, म्हणजे मयताला हात लावताना, आंघोळ घालताना धोका असतो का?

नाडीपरीक्षा | रविवार, सकाळी १०:४५

खांदा द्यायला शून्य धोका. आंघोळ घालताना जखम, रक्त असेल तर हातमोजे घालायचे, ते कुठल्याही मयताला घालावेत. बाकी काही नाही. तिरडी, कपडे, राख, कशातूनही पसरत नाही.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ११:३०

बरं.

विहीरबागायत | रविवार, दुपारी १२:१०

जोंधळा, शेवटी ठरलं काय ते कळवा. आणि त्या पोराला विचारलंत का, एवढा खल करून?

जोंधळा | मंगळवार, रात्री १०:५५

विचारलं. त्याला हा धागा वाचायला दिला, सगळा वाचला. रात्री_नऊची_गोळी यांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाला, त्यांचा नंबर मिळेल का. (व्यक्तिगत निरोप केलाय, बघा.)

ठरलं ते असं. आईचं स्वयंपाकघर नाटकात घेतलंय, पीठ मळण्यासकट. शेवटी जे तयार आहेत ते नऊजण ओळीत उभे राहणार. मी त्यात आहे. आई दोन दिवस बोलली नाही, आता भांडी आपटते आहे, म्हणजे निम्मं मिटलं. दोघी पोरी मागून गाणार आहेत. तो ओळ म्हणणार नाही. म्हणतो, "मी म्हटलं तर लोक मलाच खरं धरतील, मग तुमच्या नऊ जणांचं काय कौतुक?" तो ढोलकी वाजवणार.

जाहीर बोलायचं त्याने सोडून दिलं असं नाही. पुढल्या वर्षी बघू म्हणतो, आधी आईला पटू दे.

अडचण एकच राहिली. मरायचा प्रसंग काढला तर अध्यक्ष रुसलेत. दोन दिवस तालमीला आले नाहीत.

पारावरचा | मंगळवार, रात्री ११:०२

त्यांना सुरुवातीलाच दुसऱ्या कशाने तरी मारा. सर्पदंश चालेल?

रात्री_नऊची_गोळी | मंगळवार, रात्री ११:०९

नको. गोळ्या खाऊन म्हातारे होऊ द्या त्यांना. काठी, मिशा, खोकला, सगळं करायला मिळेल. निरोप बघितला, नंबर पाठवलाय. रात्री नऊनंतर फोन करायला सांगा.

जोंधळा | मंगळवार, रात्री ११:१५

म्हातारा चालेल म्हणाले! मिशा मात्र स्वतः आणणार आहेत.